ढालीमागची खेळी

शनिवारी दुपारी बाजारातली सगळी दुकानं सताड उघडी असतात, तेव्हा भिंगकाकांच्या चष्म्याच्या दुकानाचं शटर तेवढं अर्ध्यावर ओढलेलं असतं. गिऱ्हाइकाला कळावं की दुकान बंद आहे आणि खेळगड्यांना कळावं की खेळ चालू आहे, अशी ती दुहेरी सोय. वाकून आत शिरायचं, काचेच्या कपाटांतून टुकुटुकु बघणाऱ्या रिकाम्या चष्म्यांच्या रांगा ओलांडायच्या आणि पडदा सारून मागच्या खोलीत जायचं. तिथं डोळे तपासायची उंच खुर्ची, भिंतीवर खाली खाली बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, आणि मधोमध एक गोल टेबल. त्या टेबलावर कित्येक वर्षं एक अख्खं राज्य नांदत होतं.

त्या शनिवारी चिमणी आत आली ती शटरला डोकं आपटूनच. एवढी पायाखालची वाट, पण रागाच्या भरात वाकायचं राहून गेलं.

आता ही चिमणी म्हणजे कोण, ते आधी सांगायला हवं. नाव चिमणीचं असलं तरी बाई अंगापिंडानं दणकट, आणि आवाज असा की भोंग्यानं लाजावं. मालाच्या गोदीत ती क्रेन चालवायची. उंचावरच्या काचेच्या केबिनमध्ये बसायचं, खालचे खोलीएवढाले लोखंडी डबे, म्हणजे कंटेनर, अलगद उचलायचे आणि आखलेल्या पट्ट्यांच्या आत नेऊन ठेवायचे, हे तिचं काम. सगळ्यांच्या डोक्यावर बसते म्हणून ती चिमणी. काही महिन्यांपूर्वी केबिनमधून उतरताना शिडीवरून पाय सटकला आणि कोपर मोडलं. देवाच्या दयेनं जुळलंही. डॉक्टरांनी हात वरखाली करून बघितला आणि म्हणाले, "चालव खुशाल." सोमवारी सकाळी गोदीत फेरचाचणी होती. ती दिली की केबिन तिची. नाही दिली, तर केबिन दुसऱ्याची आणि ही कायमची जमिनीवर.

आणि आज, शनिवारी सकाळीच, हजेरी घेणाऱ्या कारकुनानं तिला हसत हसत सांगितलं होतं, "बरं झालं बाई, तू वजनकाट्यावर बसतेस ते. तुझा दादा सांगून गेला मुकादमाला, की तिला आता वर जायचं नाही म्हणून. सोमवारी दुसऱ्याची चाचणी घेताहेत."

दादा म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ. त्याच गोदीत वेल्डर, आणि भिंगकाकांच्या टेबलावरच्या खेळात ढालकरी.

हे घरी बोलता आलं नसतं का? आलं असतं, पण घरी दादाशी वाद घालणं म्हणजे वाऱ्याशी कुस्ती. "तुझ्या भल्यासाठीच गं," एवढं म्हणायचा आणि चप्पल पायात सरकवून बाहेर. टेबलाचा मात्र एक दंडक होता. लढाई सुरू झाली की ती संपेपर्यंत कुणी खुर्ची सोडायची नाही. तेव्हा दादाला धरायचा तो लढाईतच, हे तिनं वाटेतच पक्कं केलं होतं. "देवा," कपाळ चोळत ती मनात म्हणाली, "जिभेला धार दे, पण लगाम माझ्या हातात ठेव."

मागच्या खोलीत सगळे जमले होते. भिंगकाका खेळाचे सूत्रधार. राज्य, राक्षस, ऊन-पाऊस सगळं त्यांच्या मुखातून यायचं. त्यांना गोष्ट नुसती सांगता येतच नसे. रंगात आले की आवाजाला आपोआप चाल लागायची आणि चष्म्याच्या डबीवर बोटं ठेका धरायची. त्यांच्या उजवीकडे वहिनी, दादाची बायको. ती दवाखान्यात नर्स होती. खेळात सगळ्यांनी तिला वैदीण व्हायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "दिवसभर तेच करते मी. इथं तरी मला दरोडेखोर होऊ द्या." तर ती दरोडेखोर. डावीकडे विमा कचेरीत काम करणारा एक गडी, खेळात तिरंदाज. त्याच्या प्रत्येक वाक्यात शेकडेवारी असायची, म्हणून त्याचं नावच टक्केवारी पडलं होतं.

आणि दादा. पात्रांच्या बाहुल्या त्यानंच नटबोल्ट जोडून केल्या होत्या. ढालकऱ्याच्या हाती मोठा चपटा वॉशर होता, तीच त्याची ढाल. चिमणीची दोरवाली म्हणजे एक सडपातळ बोल्ट, खांद्यावर तांब्याच्या तारेचं वेटोळं. कड्यावर चढावं, भिंतीवरून उतरावं, दोर टाकावा, कापावा, हे दोरवालीचं काम. प्रत्येकाला एकेक फासा, आणि खेळी साधली की नाही ते फासा ठरवायचा.

"या, बसा," भिंगकाका म्हणाले. "आजची लढाई झुलत्या पुलावरची आहे."

"बसते काका. पण त्याआधी मला एक नियम खटकतोय."

"कुठला?"

"आड येण्याचा."

दादानं मान वर केली. तो नियम त्याचा होता, आणि त्याला तो पोटच्या पोरासारखा प्यारा होता. या खेळात दोन पात्रांमधलं नातं दाखवायला त्यांच्यामध्ये छोट्या चकत्या रचून ठेवायच्या. एकमेकांसाठी काही केलं, सोसलं, की चकती वाढायची. आणि दादाचा नियम असा की चकत्यांची चळत पुरेशी उंच झाली, की त्या माणसावर घाव येताच ढालकरी आपोआप आड येणार. फासा टाकायला नको, काही नको. घाव ढालीवर. फक्त ढालीमागं गेलेल्याची त्या फेरीतली खेळी जायची. ढालकरी आणि दोरवाली यांच्यातली चळत टेबलावर सगळ्यात उंच होती.

चिमणीनं आपला फासा मधोमध ठेवला. "बघा हा. कोरा करकरीत. तुमच्या सगळ्यांच्या फाशांची टोकं झिजली. मी शेवटचा कधी टाकला, आठवतंय कुणाला?"

कुणालाच आठवेना.

"मी सांगतो," टक्केवारी पुढं सरसावला. "गेल्या काही लढायांत हिची शेकडा ऐंशी खेळी ढालीमागं गेलीय. लढाईची रचनाच चुकलीय, दादा. शत्रूला माहीत आहे की तू आड येणार. तो मुद्दाम हिलाच मारतो. म्हणजे एका घावात तूही अडकतोस, हीपण अडकते, आणि लढायचं आम्ही दोघांनी."

"मग तू लढ की. बाण कशासाठी दिलेत?"

"पण नियम काढला तर ही पहिल्या फेरीत मरते, हेही खरं. नव्वद टक्के."

"दहा उरले ना?" चिमणी म्हणाली. "ते मला द्या. मी भागवीन त्यात."

"अगं पण ढालकरी असतो कशाला?" दादाचा आवाज चढला. "समोरून भाला येतोय आणि मी काय तिथं विचारपूस करत बसू? एवढं नातं आहे त्यांच्यात. नातं आहे म्हणजे माणूस आड येणारच."

"पण नातं आहे तरी काय त्यांच्यात?" वहिनीनं विचारलं. "ते एकदा ठरवा. बहीण-भाऊ नाहीत, गुरू-शिष्य नाहीत."

"माझं पहिल्यापासून म्हणणं आहे," टक्केवारी म्हणाला, "त्यांचं एकमेकांवर प्रेम असायला हवं. प्रेमाला दोन चकत्या जास्तीच्या..."

"ए टक्क्या!" दोघं भावंडं एका सुरात ओरडली.

"पात्रांचं बोलतोय मी, पात्रांचं!"

"पात्रांना घेऊन तू घरी जा," दादा म्हणाला.

वहिनी हसून हसून लाल झाली. मग डोळे पुसत म्हणाली, "मला विचाराल तर ढालकऱ्याचा जीव दोरवालीपेक्षा ढालीवरच जास्त आहे. ती मागं नसेल तर आपण पुढं कशाला उभे आहोत, असा प्रश्न पडेल त्याला."

"तू माझ्या बाजूनं आहेस की नाहीस?"

"अहो, मी दरोडेखोर आहे. मी कुणाच्याच बाजूनं नसते."

भिंगकाकांनी डबीवर बोट वाजवलं. "नातं काय, ते मी सांगतो. अगदी पहिल्या डावात ढालकरी कोरड्या विहिरीत पडला होता. दोरवालीनं त्याला वर ओढलं. पहिली चकती तिथली. बाकीच्या सगळ्या तिच्यावर रचल्यात."

"आणि ओढण्याआधी मी वरून हाक मारली होती," चिमणी म्हणाली. "'दोर टाकू का? धरशील का?' असं विचारलं होतं. तू 'हो' म्हणालास, मग टाकला. विसरलास?"

दादाची बोटं चळतीकडं गेली. त्यानं चळतीवरची एक चकती उगाच सरळ केली. ती आधीच सरळ होती.

"वाद पुष्कळ झाला," भिंगकाका म्हणाले. "आता रीतीप्रमाणं अदलाबदल."

ही त्या टेबलाची जुनी रीत. कुणाला एखादा नियम खटकला, तर ज्याला खटकतो आणि ज्याला तो प्यारा आहे, त्या दोघांनी एक लढाई एकमेकांची पात्रं घेऊन खेळायची. नियम काढायचा की ठेवायचा, ते त्यानंतर. त्यामुळं टेबलावर भांडणं भरपूर व्हायची, पण शिळी व्हायची नाहीत.

दादानं ढालकरी उचलून चिमणीपुढं ठेवला. तिनं दोरवाली त्याच्याकडं सरकवली. त्याच्या भाजलेल्या, राठ बोटांत तो सडपातळ बोल्ट आणखीच लहान दिसला.

भिंगकाकांनी घसा साफ केला. डबीवर ठेका पडला आणि आवाज हळूहळू चालीवर आला. खाली फेसाळती नदी, वर दोन कड्यांमध्ये टांगलेला पूल, पलीकडून धावत येणारे लोखंडी भालेवाले, त्यांच्या पावलांनी थरथरणाऱ्या फळ्या. ऐकता ऐकता टक्केवारीनं खुर्चीचे हात घट्ट धरले. त्याचा काही भरवसा नव्हता. एकदा तो खरंच पडला होता.

"माझं ठरलंय," दादा म्हणाला. पट्टीचा खेळाडू होता तो. एका नजरेत त्यानं डाव ओळखला. "पुलाचा मुख्य दोर कापतो. सगळे भालेवाले नदीत. लढाई संपली."

"झकास. पण त्याआधी पहिला भाला येतोय दोरवालीवर," भिंगकाकांनी ताल तोडला. "नियमाप्रमाणं ढालकरी आड. दोरवाली ढालीमागं. खेळी गेली."

"ठीक आहे," दादा हसला. "पुढच्या फेरीत कापतो."

पुढच्या फेरीत भाला पुन्हा दोरवालीवर आला. पुन्हा ढाल. पुन्हा खेळी गेली. दादा आता हसला नाही. वहिनीनं दोन भालेवाल्यांचे खिसे कापले, टक्केवारीचे बाण संपत आले आणि शत्रू अर्धा पूल ओलांडून आला.

तिसऱ्या फेरीत भिंगकाकांनी भाला उचलल्याबरोबर दादानं चिमणीपुढं हात आडवा धरला. "थांब! तू मध्ये येऊ नकोस. दोर माझ्या हाताशी आहे. मला एकदा फासा टाकू दे ना!"

"मी कुठं येतेय? नियम आणतोय मला," चिमणी म्हणाली.

बोलली खरी, पण तिचं तिलाच काहीतरी टोचलं. कारण भाला येणार म्हटल्यावर नियमाची वाट न बघता तिचा हात ढालकऱ्याकडं गेला होता. दोरवाली तिची लाडकी, तिचंच दुसरं रूप. आणि ती उघड्यावर उभी होती. ढालीच्या पुढून जग असं दिसतं तर, तिच्या मनात आलं. सगळीकडून भाले, आणि मागं एक नाजूक बोल्ट. दादा नेहमी हे बघतो.

चौथ्या फेरीत भिंगकाकांचा आवाज अगदी खाली आला. "आता भालेवाल्यांचा नायक पुढं होतो. त्यानं ओळखलंय की ढाल पडली की सगळं पडलं. तो दोरवालीकडं बघतही नाही. त्याचा भाला सुटतो, थेट ढालकऱ्यावर..."

"मी आड येतो!" दादा ओरडला.

डबीवरची बोटं थांबली.

"कोण येतो?" भिंगकाकांनी हलकेच विचारलं.

दादानं आपल्या हाताकडं पाहिलं. हातात दोरवाली होती. तारेचं वेटोळं, एक सुरी, आणि ढालीचा पत्ता नाही. वेड्यासारखी ती भाल्यापुढं उभी राहिली होती. टेबलावर बोललेला शब्द मागं घेता येत नसे.

"शंभर टक्के लागणार," टक्केवारी कुजबुजला, "सॉरी."

कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि दादाचा चेहरा बघून मध्येच थांबली. ती वहिनी होती.

चिमणीला वाटलं होतं, ही वेळ आली की आपण कडाडून बोलू. पण आवाज निघाला तो साधाच. "दादा, हातात ढाल असली काय आणि नसली काय, तू येणारच. मला एवढंच सांग, मुकादमाकडं कुठली ढाल घेऊन गेला होतास?"

"कुठला मुकादम?" वहिनीनं विचारलं. मग नवऱ्याकडं वळून, "अहो, काय केलंत तुम्ही?"

"यानं माझी चाचणी रद्द केली. सोमवारपासून मी वजनकाट्यावर. मला कारकुनाकडून कळलं."

दादा उठायला गेला. सवयीनं पाय चप्पल शोधू लागले. भिंगकाकांनी नुसतं त्या टेबलावरच्या पुलाकडं बोट दाखवलं. लढाई चालू होती. दादा परत बसला.

त्यानं दोरवालीची तार बोटाला गुंडाळली, सोडली. मग तक्त्यावरच्या सगळ्यात बारीक अक्षरांकडं बघत बोलला, "त्या दिवशी मी खालीच काम करत होतो. तोंडावर काळी काच. वेल्डिंग करताना ठिणगीशिवाय काही दिसत नाही. आवाज आला. काच वर केली तर तू जमिनीवर. पडताना मी बघितलंच नाही तुला. तेव्हापासून काच खाली घेतली की तू पडतेस. दर वेळी. सांधे वाकडे जोडतोय मी आजकाल." तार पुन्हा त्याच्या बोटाभोवती गेली. "तू परत वर गेलीस तर मला खाली काम करवणार नाही. म्हणून सांगितलं. तुझ्या भल्यासाठी असं म्हणतो, पण... माझ्याच जिवाला घोर लागतो गं."

चिमणीचा राग असा बसल्या जागी निम्मा झाला, पण निश्चय तसूभर हलला नाही. या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं.

"तुझ्या घोराला माझी ना नाही," ती म्हणाली. "आत्ता ढाल हातात धरून कळलं मला, कसं वाटतं ते. पण दादा, तीन फेऱ्या तू ढालीमागं बसलास. कसं वाटलं?"

"हात बांधल्यासारखं," दादा म्हणाला. खेळाच्या टेबलावर तो कधी खोटं बोलत नसे.

"मी काही महिने बसलेय."

वहिनी नवऱ्याला म्हणाली, "दवाखान्यात आम्ही सुई टोचायच्या आधी पेशंटला सांगतो. आणि तुम्ही..." पुढचं तिनं घरासाठी राखून ठेवलं.

"मग नियम काय करायचा?" टक्केवारीला असली शांतता सोसत नसे. "आड येणं काढून टाकायचं?"

"काढायचं नाही," चिमणी म्हणाली. "ढालकऱ्यानं विचारायचं. 'येऊ का?' एवढंच. 'ये' म्हटलं तर यायचं, आणि मागच्याची खेळी जाता कामा नये. ढालीआडूनही सुरी चालवता येते."

"आणि 'नको' म्हटलं तर?" दादानं विचारलं.

"तर उभं राहायचं."

"नुसतं?"

"नुसतं."

"हे भाला झेलण्यापेक्षा अवघड आहे," दादा पुटपुटला.

भिंगकाकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. "अवघड आहे म्हणूनच त्याला खेळात किंमत हवी. असं करू. 'नको' म्हटल्यावर जो जागचा हलत नाही, त्यानं त्या फेरीत आपला फासा समोरच्याला द्यायचा. तिनं दोन फासे टाकायचे. त्याचं बळ वाया जात नाही. फक्त ते तिच्या हातानं वापरलं जातं."

"दोन फासे!" टक्केवारीनं डोळे मिटून मनात हिशेब केला. "काका, दहाचे पस्तीस टक्के होतात. वाईट नाही. अजिबात वाईट नाही."

सगळ्यांनी दादाकडं पाहिलं. नियम सर्वांच्या संमतीशिवाय बदलत नसे, आणि संमती एकाचीच बाकी होती.

"आधी ही लढाई पुरी होऊ दे," तो म्हणाला. "नव्या नियमानं."

ठेका पुन्हा सुरू झाला. नायकाच्या भाल्यानं जखमी झालेली दोरवाली फळीवर पडली होती, पण दोर हाताशी होता. नायकानं दुसरा भाला पेलला, या वेळी तिच्यावर.

चिमणीनं ढालकऱ्याच्या डोक्यावर बोट ठेवलं. "येऊ का?"

दादानं दोरवालीकडं पाहिलं, दोराकडं पाहिलं. "नको," तो म्हणाला.

आणि चिमणी थांबली. तो थांबण्याचा क्षण तिला फार जड गेला. मग तिनं ढालकऱ्याचा झिजलेला फासा उचलला आणि दादाच्या तळहातावर ठेवला. कोरा फासा त्याच्याकडं होताच. त्यानं दोन्ही फासे ओंजळीत हलवले आणि टाकले. एक गडगडत अक्षरांच्या तक्त्याखाली गेला. टक्केवारी टेबलाखालून रांगत तिकडं धावला.

"लागला!" तो खालूनच ओरडला. "दोर तुटला! भालेवाले नदीत! पण..."

"पण काय?"

"पण थोडक्यात. दोरवालीपण लोंबकळतेय."

"लोंबकळू दे," दादा म्हणाला. कपाळावरचा घाम त्यानं बाहीनं पुसला. "ती दोरवाली आहे. तिला सवय आहे."

शटर वर करून सगळे बाहेर पडले तेव्हा अजून ऊन होतं. दादा चिमणीच्या बाजूनं चालत होता. "सोमवारी मी मुकादमाला सांगतो," तो म्हणाला, "की मी चुकीचं..."

चिमणीनं नुसतं त्याच्याकडं पाहिलं.

दादा थांबला. मग शाळेतल्या मुलासारखा म्हणाला, "सांगू का?"

"नको. मी सांगते. तू सोबत ये."

सोमवारी सकाळी मुकादमाच्या टपरीवजा कचेरीत ती उभी राहिली. दादा दारापाशी, दोन्ही हात खिशात कोंबून.

"अगं, तुझ्या भावानंच सांगितलं ना मला..." मुकादमानं सुरुवात केली.

"भावानं त्याच्या मनातलं सांगितलं. माझ्या मनातलं मी सांगते. मला चाचणी द्यायची आहे. डॉक्टरांनी हात बघितलाय. तुम्ही डबा सांगा, पट्टी सांगा. पट्टीबाहेर गेला तर मी स्वतःच्या पायानं वजनकाट्यावर जाऊन बसेन."

मुकादमानं दाराकडं पाहिलं. दादाच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, पण त्यानं ते दातांखाली धरलं.

"दुसऱ्याला बोलावून बसलोय मी," मुकादम कुरकुरला. "बरं. तुझी आधी घेऊ. जा."

क्रेनच्या पायथ्याशी शिडी रात्रीच्या दवानं ओली होती. चिमणीनं मान वर करून पाहिलं. केबिनची काच उन्हात चमकत होती आणि कोपरात, जुळलेल्या हाडात, एक बारीकशी कळ जागी झाली होती. तिनं मनात देवाचं नाव घेतलं आणि पहिल्या पायरीवर हात ठेवला.

मागून आवाज आला. "धरू का?"

ती वळली. दादाचे हात शिडीपासून वीतभर अंतरावर थांबले होते. तिथंच, हवेत.

"धर," ती म्हणाली. "निसरडी आहे."

त्यानं दोन्ही हातांनी शिडी अशी धरली, जशी काही अख्खी क्रेनच तो पेलतोय. ती चढत गेली. एकदाही खाली पाहिलं नाही, कारण पाहण्याची गरज नव्हती.

केबिनमधली खुर्ची दुसऱ्या कुणीतरी पुढं सरकवून ठेवली होती. तिनं ती आपल्या मापाला आणली, दांडे हातात घेतले, वॉकीटॉकी चालू केला. मुकादमाचा आवाज खरखरत आला. कुठला डबा, कुठली पट्टी. हूक खाली गेला. डबा लागला, उचलला, हेलकावला. वारा आडवा होता. तिनं श्वास सोडून झोका शमू दिला. घाई नाही.

बोलून झाल्यावर सेटचं बटण सोडायचं असतं, पण मुकादमाचा अंगठा तसाच दाबून राहिला होता. त्यामुळं खालचं सगळं तिला वर ऐकू येत होतं. बुटांची खडखड, कुणाचा तरी खोकला. मग मुकादमाचा आवाज, "काय रे, बहीण ना तुझी? बघताना भीती नाही वाटत?"

"वाटते की," दादाचा आवाज आला.

"मग जा ना तिकडं, काम कर. काच घे तोंडावर."

"नाही," दादा म्हणाला. "तिला दोन फासे द्यायचेत. इथं उभं राहावं लागतं."

"कसले फासे?"

चिमणीला हसू आलं. तिनं ते तोंडातच धरलं, कारण हसताना हात हलतो. डबा पट्टीवर आला. एक कडा, दुसरी कडा. तिनं दांडा केसाएवढा मागं घेतला आणि लोखंड जमिनीला इतकं हळू टेकलं की धूळही उडाली नाही.

"आत आहे," खाली कुणीतरी म्हणालं.

"आतच असणार," दादा म्हणाला, आणि मग घाईघाईनं, "मुकादम, बटण सोडा, तिला सगळं ऐकू जातंय."